बारा पणत्यांची पेटी

१. सील शाबूत

सील शाबूत होतं, सुतळीची गाठ शाबूत होती, वरच्या चिठ्ठीवरच्या दोन्ही सह्या शाबूत होत्या. फक्त आतल्या रंगांत जीव उरला नव्हता.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास अंबडच्या एका वाचनालयाच्या सभागृहात, शे-सव्वाशे माणसांसमोर ही पेटी उघडली गेली. पत्र्याची लहानशी पेटी, आत मातीच्या बारा पणत्या आणि प्रत्येक पणतीत वाळवून बसवलेला एकेक रंग. ओला कुंचला फिरवला की असा रंग सुटतो, कागदावर उतरतो, आणि वाळल्यावर बोट घासलं तरी हलत नाही. निदान हलू नये.

संभाजीनगरहून आलेल्या परीक्षक साधनाताईंनी कुंचला फिरवला, बारा पट्टे ओढले, वाळू दिले आणि बोट घासलं. बोटाला सगळं पीठ लागलं. पणत्यांमधले सात रंग तर उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखे भेगाळले होते. मागच्या रांगेतून कुणीतरी खिदळलं.

पेटी कल्याणीची होती. कल्याणी म्हणजे कुंभार पिंपळगावची लेक, लग्नानंतर अंबडला आलेली, वय पस्तीसच्या आसपास. गेली सहा वर्षं ती स्वयंपाकघरात रंग करायची. पळसाची फुलं उकळून तुरटीनं त्यांचा नारिंगी खाली बसवायचा, करडईच्या तेलाचा दिवा लावून काजळ धरायचं, शंख भाजून पांढरा करायचा. बारा रंग, आणि बाराही आपल्या जिल्ह्यातल्या मातीचे, झाडांचे, चुलीचे, असा तिचा दावा होता. राज्य कलामेळ्यात घरगुती रंगांसाठी जिल्ह्यातून एकच पेटी जाणार होती आणि ती कल्याणीचीच असणार, हे सगळे धरूनच चालले होते. आता तेच सगळे एकमेकांकडे बघून भुवया उडवत होते.

साधनाताई वाईट बाई नव्हत्या, पण नियमाच्या पक्क्या होत्या. त्यांनी पेटी बाद केली. दुसऱ्या कुणाकडे घरी केलेले बारा रंग असतील तर उद्या रविवारी दहा वाजता आणावेत, दुपारी एकच्या गाडीनं आपण जालन्याहून परत जाणार, असं सांगून त्यांनी चष्मा काढला.

शेवटच्या खुर्चीवर गिरिधरराव बसले होते. त्यांना चित्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या पोरीचं कौतुक आहे, जा, नुसतं घरात पेपर चावत बसू नका, म्हणून बायकोनं त्यांना पिटाळलं होतं. कल्याणी सरळ त्यांच्यापाशी आली. 

"काका, हे माझे रंग न्हाईत," ती म्हणाली. "पेटी माझी हाय. रंग माझे न्हाईत."

२. मुद्देमालवाले

गिरिधररावांनी अंबडच्या कोर्टात एकतीस वर्षं मुद्देमालाची खोली सांभाळली होती. मुद्देमाल म्हणजे खटल्यातला जप्त माल. कुऱ्हाडी, मंगळसूत्रं, दारूचे डबे, एकदा तर एक जिवंत कोंबडा. सगळ्यावर लाखेचं सील आणि चिठ्ठी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सील दिसलं की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जायचा. त्यांच्या पत्नी शरयूताई म्हणायच्या, ह्यांच्या समोर लोणच्याची बरणी ठेवली तरी आधी झाकण तपासतील आणि मग लोणचं मागतील.

सभागृह रिकामं झाल्यावर ते टेबलापाशी गेले. आदल्या दिवशी, शुक्रवारी चार वाजता, साधनाताईंनी पेटी वरवर पाहून कडीला सुतळी बांधली होती, लाख ओतली होती. सील खरंच अस्सल होतं. गिरिधररावांनी पेटी फिरवली आणि मागची बिजागरी डोळ्याजवळ धरली. बिजागरीतून जाणारी तार जुनी, गंजकी होती. पण तिच्या एका टोकाचा गंज खरवडला जाऊन तार नव्या पैशासारखी चमकत होती.

त्यांना मनातून फार बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाजही वाटली, कारण पोरगी शेजारीच उभी होती.

कुणीतरी पक्कडीनं मागची तार ओढून काढली होती, झाकण मागून उघडलं होतं, पणत्या बदलल्या होत्या आणि तार परत सरकवली होती. पुढच्या सिलाला त्याची खबरही नव्हती. हे त्यांनी साधनाताईंना दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं, पण मान हलवली. तार कल्याणीनं स्वतःच कधी काढली नसेल कशावरून? रंग बिघडलेत हे कळल्यावर कुणी काहीही म्हणू शकतं.

"मला रंग बदललेत याचा पुरावा पाहिजे," त्या म्हणाल्या. "नुसती तार पुरणार नाही."

टेबलाच्या टोकाला उद्घाटनाच्या पेढ्यांचा उघडा खोका पडला होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या. त्यांची रांग टेबलावरून जात होती, पेटीला वळसा घालून भिंतीकडे उतरत होती. गिरिधररावांनी मनगटावर चढलेली एक मुंगी झटकली आणि वाचनालयाचा शिपाई राधेश्याम कुठे आहे ते बघायला निघाले.

३. तिघे

राधेश्यामनं काही लपवलं नाही. शुक्रवारी पाच ते सात सभागृह उघडं होतं. किल्ली त्याच्याकडे. त्याशिवाय दोनच माणसं आत होती. रंगकागदाच्या दुकानाचा मालक ऋषी फळ्या ठोकत होता आणि सोमेश्वर सर शाळेतल्या मुलांची चित्रं टांगत होते. राधेश्याम दोनदा चहा आणायला गेला होता आणि बाकीचे दोघंही आतबाहेर करत होते, म्हणजे तिघांपैकी प्रत्येक जण कधी ना कधी आत एकटा होता. त्याच्या कोनाड्यातल्या डब्याला मुंग्या लागलेल्या पाहून गिरिधरराव थबकले. राधेश्यामनं ओशाळून झाकण उघडलं, तर आत गूळ-शेंगदाणे निघाले.

ऋषीच्या दुकानात पक्कड समोरच पडलेली होती आणि शेजारी तारेचं भेंडोळंही होतं. ऋषी तोंडाचा फटकळ. बायका घरी रंग करायला लागल्या तर आपण काय भजी तळायची का, असं तो कल्याणीला चारचौघांत बोलला होता आणि आताही त्यानं ते नाकारलं नाही. मात्र पेटीचं नाव काढताच तो चिडला.

"मला तिचा धंदा पसंत न्हाई, हे मी तोंडावर सांगतो," तो म्हणाला. "पाठीमागून करायची मला आदत न्हाई. आन् खरं सांगू का, तिचा नारिंगी माझ्या दुकानात एकाबी ट्यूबमध्ये न्हाई."

तिथून ते सोमेश्वर सरांकडे गेले. सर चित्रकलेचे शिक्षक, पंचावन्नचे, गावात मान मोठा. कल्याणीनं सुरुवातीला त्यांच्याच रविवारच्या वर्गात कुंचला धरला होता. पुढे ती रंग करू लागली तेव्हा सर अधूनमधून तिच्याकडे येऊन बघायचे, सूचना द्यायचे. सर घरी नव्हते. त्यांच्या पत्नी कांताबाईंनी आग्रहानं बसवून चहा दिला. पहिल्याच घोटाला गिरिधररावांचा चेहरा बदलला, तेव्हा त्या हसल्या. ह्यांना शुगर निघाल्यापासून दोन वर्षं झाली, घरात साखरेचा दाणा न्हाई, गूळ न्हाई, पाव्हण्यालाबी फिकाच चहा, असं त्यांनी सांगितलं.

सरांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत कागदाच्या गुंडाळ्या, बोर्ड, मुलांच्या वह्या आणि भिंतीला एक लाकडी कपाट होतं. कपाटाच्या चारी पायांभोवती फरशीवर हळदीची जाड पिवळी रेघ ओढलेली होती.

गिरिधररावांनी सहज विचारलं तेव्हा कांताबाई वैतागून म्हणाल्या की, काल सांजच्यापासून मेल्या मुंग्या त्या कपाटाला लागल्यात, कागद खायला लागल्या का काय कोण जाणे, कपाटाला तर कुलूप, मंग बाहेरूनच रेघ ओढली.

तेवढ्यात सर आले. कल्याणीचा विषय निघताच त्यांनी मान खाली घातली. पोरीला घाई नडली, डिंक कमी पडला असेल, पण तिला अजून एक संधी द्या असं मी ताईंना सांगणार आहे, असं ते फार कळवळून बोलले. गिरिधरराव त्यांच्या घरातून बाहेर पडले तेव्हा त्यांच्या डोक्यात काहीतरी खटकत होतं. काय, ते मात्र हाताला लागत नव्हतं.

४. झाकणावरची नीळ

संध्याकाळी चारला ते कल्याणीच्या स्वयंपाकघरात बसले. ओट्यावर काचेचा तुकडा आणि वरवंटा होता, फडक्यात गाळलेला बाभळीचा डिंक वाटीत होता, लवंगांचं पाणी बाटलीत होतं. मागच्या महिन्यात करून पाहिलेल्या तीन पणत्या एका परातीत पाण्याच्या मधोमध उपड्या वाटीवर ठेवल्या होत्या.

गिरिधररावांनी तिला रंग कसा करतात ते पहिल्यापासून सांगायला लावलं. ती बोलायला लागली आणि सकाळची कल्याणी कुठल्या कुठे गेली. रंगाची पूड काचेवर डिंकाच्या पाण्यात घोटायची, अंगठ्याखाली कणी लागेनाशी होईपर्यंत घोटायची. बुरशी येऊ नये म्हणून लवंगेचं पाणी. आपल्याकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की रंग वाळताना तडकतो, म्हणून थोडा गोडवा घालायचा. त्यानं ओल धरून राहते, रंग मऊ राहतो.

"कशाचा गोडवा?" त्यांनी विचारलं.

"मधाचा," ती म्हणाली, पण तिनं नजर वळवली.

गिरिधररावांनी एकतीस वर्षं साक्षीदारांच्या नजरा पाहिल्या होत्या. त्यांनी फळीवरून डोळे फिरवले. मीठ, मसाला, चहा, डाळी. मधाची बाटली कुठेच नव्हती. एका कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा डबा होता आणि त्याच्या झाकणावर निळा ठसा उमटलेला होता, अंगठ्याचा. डब्यात काय आहे म्हटल्यावर ती पटकन म्हणाली, काकवी, माहेरची, पोळीसोबत खायला.

त्यांना हसू आलं. पोळी खाणाऱ्याच्या अंगठ्याला नीळ कशी लागेल? पण त्यांनी तिथे काही विचारलं नाही. सोमेश्वर सरांनी कधी कृती विचारली होती का, एवढंच विचारलं. हो, गेल्या साली विचारल्ती, तिनं सांगितलं. आणि अर्जात घटक म्हणून काय लिहिलंस? तिनं मान खाली घालून सांगितलं: डिंक, लवंग, मध.

पोरगी खरी होती याबद्दल गिरिधररावांना शंका नव्हती. पण तिच्याच अर्जावर एक खोटं बसलेलं होतं, आणि खोट्या जबाबावर खरा खटला कसा मातीत जातो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

५. गुळाचा डबा

रविवारी सकाळी सहाला शरयूताई गुळाचा डबा ओट्यावर घासत होत्या आणि नवऱ्याला ऐकवत होत्या. मघाशी म्हणे ह्यांनी चहात गूळ घालून घेतला आणि डबा पाण्याच्या परातीबाहेर ठेवला, बघा आता काय झालं ते. ओट्यावर खिडकीपासून डब्यापर्यंत काळी रांग लागली होती.

"किती वेळ होता बाहेर?" गिरिधररावांनी विचारलं.

"अर्धा तास न्हाई झाला," शरयूताई म्हणाल्या. "गोड वस्तू दिसली की मुंगी विचारत बसत न्हाई, कुणाचं घर म्हणून."

गिरिधरराव उठून उभे राहिले. हातातला पेपर खाली पडला. कल्याणीच्या पणत्या पाण्याच्या परातीत का ठेवलेल्या असतात? सभागृहातल्या टेबलावर, पेढ्यांना लागलेल्या मुंग्यांची रांग पेटीला वळसा घालून का गेली? आणि ज्या घरात साखरेचा दाणा नाही, त्या घरातल्या कागदाच्या कपाटाला मुंग्या कशासाठी?

सगळं एका दोरीत आलं. त्यांनी शरयूताईंना इतक्या मोठ्यांदा शाबासकी दिली की त्या घाबरल्याच. मग त्यांनी थर्मासमध्ये गरम पाणी मागितलं आणि चप्पल घालून शेजारच्या घराची कडी वाजवली.

कल्याणीला त्यांनी दारातच सांगितलं की चोर कळला, पण खटला तिच्याच तोंडी अडलाय. काकवीचं खरं तिला सगळ्यांसमोर बोलावं लागेल. तिनं दाराची चौकट धरली. मग तिनं एका दमात सांगून टाकलं. सहा वर्षांपूर्वी वर्गात तिनं पहिला रंग नेला होता, काकवी घातलेला. सरांनी तो हुंगून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले की बाई, चित्रकला म्हणजे गुऱ्हाळ नव्हे. सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून ती मध म्हणत आली. आज जर तिनं अर्ज खोटा होता असं सांगितलं, तर पेटी बाद झाली ती झालीच, वर खोटारडी ठरणार. गावात तोंड कसं दाखवायचं?

"तोंड ते तुझं हाय," गिरिधरराव म्हणाले, "आन् रंगबी तुझे हायेत. यातलं काय सोडायचं ते तू ठरव. दहाला येतो मी."

६. जबाब

दहा वाजता सभागृह कालच्यापेक्षा भरलेलं होतं. अपमान पाहायला जेवढी माणसं येतात, त्याहून जास्त तो दुसऱ्यांदा पाहायला येतात. ऋषी हात बांधून खांबाला टेकला होता. राधेश्याम सतरंजी झटकत होता.

बारा रंग घेऊन एकच माणूस आला. सोमेश्वर सर. त्यांनी रुमालात बांधलेली चिनी मातीच्या बारा छोट्या वाट्या असलेली थाळी टेबलावर ठेवली. खरं तर मला पुढे यायचं नव्हतं, पण जिल्ह्याची जागा रिकामी राहू नये, असं ते नम्रपणे म्हणाले. साधनाताईंनी कुंचला फिरवला. नारिंगी कागदावर पेटला. निळा खोल उतरला. वाळल्यावर बोट घासलं, काही हललं नाही. टाळ्या पडल्या. कल्याणी भिंतीशी उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. आपले रंग तिनं लांबूनही ओळखले होते.

गिरिधरराव पुढे आले. त्यांनी साधनाताईंशी आधीच बोलून ठेवलं होतं. कालचा प्रकार पाहता प्रत्येकानं रंगातले सगळे घटक आणि रंग केव्हा केले ते कागदावर लिहून सही करावी, एवढीच विनंती. सरांनी हसून पेन घेतलं. त्यांनी लिहिलं: बाभळीचा डिंक, लवंगेचं पाणी, मध. दिवाळीनंतर केले, तेव्हापासून घरीच कपाटात. खाली झोकदार सही.

गिरिधररावांनी तो कागद साधनाताईंच्या हातात दिला आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारला. शुक्रवारी सील करण्याआधी कल्याणीचा पांढरा कसा दिसला होता? साधनाताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्या सावकाश म्हणाल्या की, सायीसारखा होता, किंचित पिवळसर, मला आवडला होता. आणि काल? कालचा खडूसारखा. हे बोलून त्या स्वतःच थांबल्या. त्यांनी सरांच्या वाटीतल्या पांढऱ्याकडे पाहिलं. तो सायीसारखा होता.

सभागृहात कुजबुज झाली. सर म्हणाले, शंखाचा पांढरा सगळ्यांचाच सारखा दिसणार, त्यात काय.

गिरिधररावांनी कल्याणीकडे पाहिलं. बोलायचं तिलाच होतं. ती भिंतीपासून सुटी झाली आणि टेबलापाशी आली. 

"ताई, माझ्या अर्जावर मी मध लिव्हलंय. ते खोटं हाय. मला लाज वाटल्ती म्हणून लिव्हलं." तिनं पदर खोचला. "माझ्या रंगात काकवी हाय. माझ्या बापाच्या उसाची, कुंभार पिंपळगावच्या गुऱ्हाळातली. पांढरा पिवळसर दिसतो तो तिच्यानंच. आन् ह्या बारा वाट्यांत जर मध निघाला, तर मी पुन्हा कुंचल्याला हात लावणार न्हाई."

शरयूताईंनी थर्मास पुढे केला. साधनाताईंनी पांढऱ्याच्या वाटीवर गरम पाण्याचे चार थेंब सोडले, तळहातानं क्षणभर झाकलं आणि नाकाशी नेलं. त्यांनी वाटी ऋषीपुढे धरली. ऋषीनं हुंगलं आणि खांबापासून ताठ उभा राहिला. राधेश्यामनं न बोलावताच नाक पुढे केलं.

"साहेब, ही काकवी," तो म्हणाला. "बिलकुल काकवी. माझी आख्खी जवानी गुऱ्हाळावर गेली."

सरांनी ओठ ओले केले. बाजारातल्या मधात भेसळ असते, कुणी काकवी मिसळली असेल, त्याला मी काय करणार, असं ते म्हणाले. उत्तर वाईट नव्हतं. दोन-चार जणांनी मानाही डोलावल्या.

मग गिरिधरराव बोलले, कोर्टातल्यासारखे, एकेक शब्द ठेवत. गोड रंग उघडा राहिला की मुंगी येते. म्हणून कल्याणी पणत्या पाण्याच्या परातीत ठेवते. काल टेबलावरच्या मुंग्या पेढ्यांना लागल्या आणि पेटीला वळसा घालून गेल्या, कारण पेटीतल्या पणत्यांत गोडाचा थेंब नव्हता. ते रंग तिचे नव्हतेच. तिचे रंग शुक्रवारी संध्याकाळी बिजागरीच्या वाटेनं बाहेर गेले, पणत्यांतून कोमट पाण्यानं सोडवून वाट्यांत भरले गेले आणि वाळायला एका कुलूपबंद कपाटात बसले.

"सर, तुम्ही लिहून दिलंय की रंग दिवाळीपासून तुमच्या कपाटात आहेत," ते म्हणाले. "अडीच महिने झाले. मग त्या कपाटाला मुंग्या परवा शुक्रवारीच का लागल्या? घरात साखरेचा दाणा नाही. हळदीची रेघ ताजी आहे. आणि ती ज्या माउलीनं ओढली तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून तिला मी इथं बोलावलेलं नाही."

सोमेश्वर सरांनी आपल्या सहीकडे पाहिलं. ते खाली बसले आणि बोटं चोळू लागले. तीस वर्षं मुलांच्या हातात कुंचले दिले, पण त्यांच्या नावाचं एक चित्रसुद्धा जिल्ह्याबाहेर गेलं नव्हतं, असं काहीसं ते पुटपुटले. गिरिधररावांना त्यांचा राग आला होता, तरी त्या वाक्याचं वाईटही वाटलं. मुद्देमालाच्या खोलीत त्यांनी असली बरीच वाक्यं ऐकली होती.

कल्याणीनं पोलिसांचं नाव काढलं नाही. ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, गेल्या साली तुम्ही कृती विचारल्ती, तेव्हा मी मध म्हणले. तुमच्याच हसण्याला भिऊन म्हणले," ती म्हणाली. "त्या दिवशी हसला नसता, तर आज तुम्हाला काकवी ठाऊक असती. आन् मी सुखानं शिकवली असती."

सर उठले. कुणाकडे न बघता बाहेर गेले. थाळी टेबलावरच राहिली.

साधनाताईंनी कल्याणीचा अर्ज काढला. आता काय होणार म्हणून तिनं श्वास रोखला होता. अर्जातलं खोटं हे खोटंच, त्याची नोंद मी करणार, असं ताईंनी कडक आवाजात सांगितलं. मग पेन तिच्या हातात दिलं. नियम असा होता की घटक याच जिल्ह्यातले पाहिजेत. बाजारातला मध कुठून येतो हे देव जाणे. काकवीचा मात्र ऊस, गुऱ्हाळ आणि बाप, तिन्ही सांगता येतात. कल्याणीनं मध खोडला आणि वर लिहिलं, काकवी, कुंभार पिंपळगाव. अक्षर मोठं काढलं, इतकं की रकान्यात मावलं नाही.

टाळ्या वाजवायला पहिला हात ऋषीचा उठला. पुढच्या आठवड्यात तो नारिंगी माझ्या दुकानात ठेव, असंही तो ओरडला, आणि या वेळी सगळे हसले तेव्हा कल्याणीही हसली.

साडेअकराला तिनं रंग घरून आणलेल्या रिकाम्या पणत्यांत परत बसवले आणि पेटी बंद झाली. साधनाताई सुतळी बांधू लागल्या तशी टेबलावर एक मुंगी दिसली. मग दुसरी. मग पेढ्यांच्या खोक्याकडची अख्खी रांग वळून पेटीच्या दिशेनं निघाली. सगळे गंमत बघत उभे राहिले. गिरिधरराव म्हणाले, बघा ताई, साक्षीदार आपणहून आले.

साधनाताईंनी हातातली लाख बाजूला ठेवली आणि विचारलं की एखादी परात मिळेल का. शरयूताई घरी गेल्या आणि स्वतःच्या गुळाची परात घेऊन आल्या. पेटी परातीत बसवून जालन्याला गेली, तिथून गाडीनं पुढे. कलामेळ्यात बाराही रंगांखाली कल्याणीचं नाव लागलं, आणि शेजारी साधनाताईंच्या हातची सूचना होती: ही पेटी पाण्याच्या परातीतच ठेवावी.

अंबडला मात्र गुळाच्या डब्याला तीन आठवडे मुंग्या लागत राहिल्या. शरयूताईंनी एकदाही तक्रार केली नाही. कुणी आलं की त्या मुद्दाम डब्याचं झाकण उघडून दाखवायच्या आणि आपली परात कुठे गेलीय ते सांगायच्या.